डब्यावरील रंग आणि विषाची प्रतवारी

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा रंग ठरतो कसा, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत ही प्रतवारी घालून दिली आहे. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेनें परीक्षेंतील निम्मे प्राणी मरतात, ती शरीराच्या दर किलो वजनास ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास रंग लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढें हिरवा. कातडीवाटे होणाऱ्या बाधेचीही अशीच मोजणी असते.

ही मोजणी उपयुक्त खरी, पण अपुरी. ती एका विषाची, एका वेळच्या मात्रेची व त्वरित मृत्यूची आहे. पॅराक्वाट हें तणनाशक या हिशेबानें लाल वर्गांत बसत नाहीं; तथापि तें पोटांत गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. सायपरमेथ्रिन माणसापेक्षां माशांना व मधमाश्यांना कितीतरी अधिक घातक आहे. तें रंगावरून कळत नाहीं.

महसुलाच्या जुन्या प्रतबंदींत मातीची खोली मोजून प्रत लावीत. पण तेवढ्यावर न थांबतां चुनखडी, वाळू, उतार हे दोष पाहून ती प्रत उतरवीत. विषाच्या प्रतीसही असेच दोष जोडून पाहिले पाहिजेत: मिश्रण कोणतें, वारा कोणीकडचा, पीक किती उंच, फवारणी किती दिवस, जवळ विहीर वा ओढा आहे काय?

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत गेलीं. त्यांत मजुरी करणारे पुष्कळ होते. शेतांत ऐनवेळीं केलेल्या मिश्रणाची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेनें केलेली नसते, हें तेव्हां तरी ध्यानांत यावयास हवें होतें.

माझें मत स्पष्ट आहे. दुकानदाराच्या तोंडीं सांगण्यावरून दोन औषधें एकत्र करूं नयेत. सरकारनें प्रचारांतील मिश्रणांची परीक्षा करून निकाल मराठींत गांवोगांव लावावा. आणि जमीनधारकानें डब्यावरील सूचना मजुरास स्वतः वाचून दाखवावी, हातमोजे व तोंडास फडकें द्यावें, वाऱ्याच्या उलट दिशेस त्यास उभें करूं नये. पीक आपलें आहे. तें वाचवितांना जोखीम मात्र मजुराच्या पाठीवर, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.