मोठ्या डिस्कआधी ब्रेक ऑइल बदला

अडीच टनांची एसयूव्ही ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवायची, तर ब्रेकना सुमारे साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. नळाचे तीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी ही उष्णता, तीही काही सेकंदांत! मोठी डिस्क ती अधिक सामावून घेते. त्यामुळे घाटात सलग उतरताना तिचा फायदा आहेच (खालचा गिअर टाकला तर त्याहून अधिक, आणि तो फुकट). पण एकदाच करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे मुख्यतः टायरची पकड ठरवते. कोरड्या रस्त्यावर एबीएस जागे होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. महागडे किट कशाला?

त्यापेक्षा ब्रेक ऑइलकडे बघा. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफ धरते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते.

पॅड घरी बदलायला माझी हरकत नाही. मात्र गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. चाकातली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. कॅलिपर आणि ऑइलच्या नळ्या मात्र जाणत्या मेकॅनिकनेच उघडाव्यात.