भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे?

सुट्टीवर घरी गेलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "परत कधी?" आणि दुसरा, "तिकडे घर घेतलंस की नाही?" कुवेतमध्ये आपल्यासारख्याला घर विकत घेताच येत नाही, असं सांगितलं की मामा हळहळतात. "म्हणजे इतकी वर्षं भाडंच? अरे, भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे!"

मंडळी, या एका वाक्याने आखातातल्या मराठी माणसाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं इथल्या उन्हानेही केलं नसेल.

इथला हिशोबच वेगळा आहे. कुवेती माणसाला लग्नानंतर सरकारी घरासाठी अर्ज करता येतो. नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात, पण तोवर दरमहा १५० दिनार भाडेभत्ता आणि पुढे बांधायला ७०,००० दिनारांचं बिनव्याजी कर्ज मिळतं. आपल्याला मिळतो इकामा, तोही नोकरी आहे तोवर.

आपण कुठे राहायचं हे वय आणि पगार ठरवतात. सुरुवातीला सगळे 'बॅचलर'. इथे या शब्दाचा लग्नाशी संबंध नाही. साताऱ्याला बायको आणि दोन मुलं असलेला गृहस्थही बॅचलरच, आणि फॅमिली बिल्डिंगचा हारिस त्याला दारातूनच परत पाठवतो. कुटुंब आणायला पगाराची अट आहे. २०१६ मध्ये ती २५० दिनारांवरून ४५० झाली, २०१९ मध्ये ५०० आणि जानेवारी २०२४ मध्ये ८००. काही व्यवसायांना सवलत आहे, पण बहुतेक कामगारांना ही अट कधीच गाठता येत नाही. ते अब्बासिया, महबूला, मंगफच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. १२ जून २०२४ला मंगफमध्ये अशाच एका इमारतीला पहाटे आग लागली. त्यात चाळीसहून जास्त भारतीय गेले.

त्या माणसांपुढे निवडच नव्हती. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांच्यापुढे निवड होती आणि तरी जे आपणहून बॅचलर झाले, त्यांच्याशी आहे. त्यातला एक मी.

२००४ साली साल्मियात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. भाडं १८० दिनार. वय बत्तीस, मुलगी चार वर्षांची. मामांचं ऐकून पुण्यात फ्लॅट बुक केला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हप्ता आणि भाडं, दोन्ही झेपेना. मग बायको आणि मुलगी पुण्याला तिच्या माहेरी, आणि मी फरवानियात एका खोलीत चौथी कॉट. "पाचच वर्षांची तर गोष्ट," असं म्हणालो होतो. सात लागली. सहाव्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा मुलगी मला 'तुम्ही' म्हणायला लागली होती. आईला मात्र 'तू'.

फ्लॅटचा भाव चौपट झाला, हे मामा दरवर्षी ऐकवतात. खरं आहे. पण त्यात आम्ही सलग महिनाभरही राहिलेलो नाही. आई आता ऐंशीच्या घरात आहे, तिला तीन जिने चढवत नाहीत. माझंही फार वेगळं नाही. बत्तिसाव्या वर्षी घेतलेलं घर बत्तीस वर्षांच्या गुडघ्यांसाठीच होतं.

"पण उद्या हाकलून दिलं तर?" हा प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय लावलेली घरं तशीच टाकून निघाले. २०२१ मध्ये पदवी नसलेल्या साठीपुढच्यांचे परवाने अडवले गेले. पुढे नियम सैल झाला आणि २०२४ अखेर रद्दही झाला, पण तोवर कित्येकांनी गाशा गुंडाळला होता. तेव्हा गावी छप्पर हवं हे मान्य. पण छप्पर पुण्यातही भाड्याने मिळतं. तशा वेळी हाताशी पैसा लागतो, आणि कुलूप लावलेला फ्लॅट दुसऱ्या दिवशी दूध-भाजी आणून देत नाही.

शिवाय नोकरी संपताना इथल्या कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षं वर्षाला १५ दिवसांचा, नंतर वर्षाला महिन्याचा पगार, जास्तीत जास्त दीड वर्षाचा. एवढ्याने पुण्यात घर होत नाही, पण मधल्या वर्षांची बचत जोडली की पाया होतो. आणि हा पैसा अगदी योग्य वयात हाती येतो. मुलं कुठे, आपण कुठे, दवाखाना किती लांब, हे सगळं तोवर कळलेलं असतं.

म्हणून इथे येणाऱ्या तरुणांना माझं सांगणं सरळ आहे. पगार अटीत बसत असेल तर तिशीत बिनधास्त भाडं भरा आणि एकत्र राहा. उरेल ते, थोडं का असेना, वेगळं टाका. घर पन्नाशीत घ्या, स्वतः पाहून, महारेराची नोंदणी तपासून, आणि लिफ्ट असलेलं.

मामा, त्या १८० दिनारांत मला रोज संध्याकाळी बेल वाजवली की दार उघडायला धावत येणारी मुलगी मिळत होती. पाण्यात गेले ते हप्ते.