गावठी? एक्स्क्यूज मी!

माझी रूममेट कंपनीच्या कामानं नॉर्वेला जाऊन आली. मोबाइलमध्ये दोनशे फोटो. निम्मे डोंगर आणि पाणी, उरलेले चक्क एका घोड्याचे! बुटका, गुबगुबीत, बिस्किटाच्या रंगाचा. आयाळ मधोमध काळी, दोन्ही बाजूंनी पांढरट, आणि कापून अशी उभी केलेली, की स्वारी थेट सलूनमधून स्पाइक्स मारून आलीय असं वाटावं.

'याला फ्योर्ड हॉर्स म्हणतात. कसला क्यूट आहे ना? आपल्याकडं असं काहीच नाही यार!'

मीही मान डोलावली. मग रात्री या घोड्याबद्दल वाचत बसले. भारी प्रकरण आहे! नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चढउताराच्या शेतांत हा पिढ्यान्‌पिढ्या राबला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लोकांना वाटलं, याला जरा धिप्पाड करू. म्हणून दुसऱ्या, दणकट जातीशी संकर करून पाहिला. प्रयोग फसला. मग त्यांनी संकरित जनावरं बाजूला काढली आणि पुन्हा शुद्ध वंश धरला. आज जगभरातल्या फ्योर्ड घोड्यांचा वंश १८९१ साली जन्मलेल्या न्योल नावाच्या घोड्यापर्यंत मागे नेता येतो. कसा? सिंपल. त्यांनी रजिस्टर ठेवलं! पुढं ट्रॅक्टर आले, घोड्याची शेतातली नोकरी गेली. तरी तो संपला नाही. आज तो पर्यटकांना फिरवतो, मुलांना रायडिंग शिकवतो.

आणि आपल्याकडं? बॉस, आपण शाळेत रोज सकाळी ज्याचं नाव बेंबीच्या देठापासून गायलं, ते आठवा. राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा'. शाहीर साबळेंचा तो आवाज! २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. त्यात भीमथडीची तट्टं आहेत. मी दहा वर्षं ते गाणं म्हटलं, पण तट्टू म्हणजे नक्की काय, हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारलं होतं?

थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठचं ते भीमथडी. उंचीला कमी, पण पायाला पक्कं, दमाला चिवट, आणि मिळेल त्या चाऱ्यावर भागवणारं. मराठ्यांचं घोडदळ असल्या चपळ जनावरांवर वेगानं हललं. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला सरकारी पागेतला मिळायचा. १८१८ ला पेशवाई बुडाली, पागा मोडल्या आणि तट्टू बेकार झालं. मग त्याला सांभाळलं कुणी? धनगरांनी. पुणे, सातारा, सोलापूर, नगरकडचे मेंढपाळ आजही मेंढरं घेऊन निघतात, तेव्हा अख्खा संसार याच्या पाठीवर असतो. भांडी, अंथरुणं, कोकरं, कोंबड्या आणि वर बसलेलं एखादं पोरगं! सरकारदरबारी मात्र त्याची वेगळी जात म्हणून नोंदच नव्हती. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी वगैरे सात भारतीय जाती यादीत होत्या. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीचं नाव आठवं म्हणून नोंदवलं, ते थेट २०२३-२४ मध्ये.

हे वाचलं आणि डिसेंबरात गावी, चाकूरला गेले तेव्हा काकांना म्हटलं, माळेगावला चला. लातूर-नांदेड रस्त्यावर शिरूर ताजबंद, अहमदपूर मागं टाकलं की लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं माळेगाव येतं. देवच घोड्यावरचा, त्यामुळं जत्रेत घोड्यांचा बाजार हवाच. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, 'येळकोट येळकोट'चा गजर, आणि पांढरेशुभ्र, उंचेपुरे घोडे. त्यांच्याभोवती सेल्फीवाल्यांची ही गर्दी! मी बाजाराच्या कडेला गेले. तिथं एका म्हाताऱ्या मामांजवळ तांबूस रंगाचं एक बुटकं तट्टू उभं होतं.

'मामा, जात कोणती याची?'

'जात-बित काय नाही बाई. पण दमत नाही.'

मागून काका म्हणाले, 'कशाला बघायलीस त्याच्याकडं? गावठी हाय ते. आपल्या आबांचं असंच होतं.'

आबा म्हणजे माझे आजोबा. कापडाचं गाठोडं तट्टावर टाकून ते आठवडी बाजार करायचे, एवढं मला माहीत होतं. काकांनी पुढचं सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात घरचे बैल विकले, पण तट्टू ठेवलं. कारण ते काटक्या-कुटक्यांवर जगायचं आणि त्याच्यामुळं रोजची मीठ-मिरची यायची. पुढं घरात लूना आली. तट्टू याच बाजारात विकलं. त्या रात्री आबा जेवले नाहीत.

'काका, ते भीमथडी होतं का?'

'गावठी होतं म्हटलं की!'

गंमत बघा. बैलाच्या बाबतीत आमची माणसं एकदम पक्की. लातूरची देवणी, नांदेडची लाल कंधारी. शिंगं, रंग, वशिंड बघून खडाखडा सांगतील. ज्यानं दुष्काळात घर चालवलं, त्याचं मात्र एकच वर्णन. गावठी!

हा शब्द मला जरा जास्तच ओळखीचा आहे. मास कॉम झाल्यावर एका चॅनेलमध्ये ट्रायलला गेले होते. कॅमेऱ्यासमोर बोलण्याच्या ओघात तोंडून 'करूलालेत' निघून गेलं. काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं, 'मुलगी स्मार्ट आहे, पण भाषा गावठी आहे.' त्यानंतर मी आरशासमोर उभी राहून आपलीच भाषा घासून काढली. आता पुण्यात कुणी ओळखत नाही मी कुठली ते. बरीच वर्षं मला त्याचा अभिमानही होता.

आबांचं तट्टू कुठल्या जातीचं होतं, हे आता कळणार नाही. फोटो नाही, कागद नाही. पण काका आहेत! घरी आल्यावर त्यांना चहा दिला, वही उघडली आणि विचारत सुटले. रंग? तांबूस. पाठीवर पट्टा? होता, काळसर. उंची? काकांनी हात छातीशी धरला. नाव? 'मोती.' दीड पान झालं. आमच्या घरचं हे पहिलं रजिस्टर.

तुम्हीही या विचारा आपापल्या घरी. आणि मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला रजा मिळाली तर माळेगाव गाठा. पांढऱ्या घोड्यांबरोबर सेल्फी काढा, पण बाजाराच्या कडेलाही एक चक्कर मारा.

रूममेटला मोतीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'फोटो नाहीये? शिट यार!' तेवढ्यात आईचा फोन आला. एरवी मी बाल्कनीत जाऊन बोलते. या वेळी तिथंच बसून, चांगलं मोठ्यानं म्हटलं, 'बोल आई, काय करूलालीस?'