पाय बघावेत, खोगीर नव्हे

विंचूर हे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे गाव. त्यांच्या पागेत खोगीर बघून घोडा निवडत नसणार, हे सांगायला इतिहाससंशोधक नको! आता घोड्याची जागा सायकलने घेतली आणि सुटे भाग जमवून मनाजोगी सायकल जुळवण्याची हौस तरुणांना लागली. का लागू नये? नाशिकच्याच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली आळीपाळीने सायकल मारीत अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडली. पण हौसेला मोल नसले तरी सुट्या भागांना असते. मग हात कुठे आखडावा आणि कुठे सैल सोडावा?

वाचकहो, कोणताही भाग घेताना एकच प्रश्न विचारा : 'हा वाटेत तुटला तर काय होईल?' 'सायकल ढकलीत घरी येऊ,' असे उत्तर आले, तर तो स्वस्त किंवा जुना घेतला तरी बिघडत नाही. 'आपल्यालाच उचलून आणावे लागेल,' असे उत्तर आले, तर तिथे घासाघीस नको. कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड ही पहिली जात. चिमटा, हँडल, ब्रेक, क्रँक आणि पुढचे चाक ही दुसरी.

विंचूरकरांनी तर हा हिशेब जपूनच करावा. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार गावातच. कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. पुढची ट्रॉली अचानक थांबली, की सायकलची खरी परीक्षा होते. सायकल थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. चकचकीत पोलादी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर घसरते. अॅल्युमिनियमची रिम पावसात बरीच चांगली पकड देते. चार पैसे जास्त पडले तरी पुढच्या चाकाला तीच घ्यावी.

जुनी फ्रेम घ्यायची तर हँडलच्या नळीला आडवी व तिरपी नळी जिथे मिळते, तिथे खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर लागली, तर ती फ्रेम कुठे तरी समोरून धडकलेली समजा आणि नमस्कार करून परत द्या. वाकलेला चिमटा सरळ करून घेण्याच्या भानगडीतही पडू नका. हँडलच्या दांड्यावर एक खूण असते. ती नळीच्या आत गेलीच पाहिजे. सीटच्या दांड्यालाही हाच नियम.

टायर घेताना तर 'सव्वीसचा द्या' एवढ्यावर भागत नाही. सव्वीस इंची म्हणून मिळणाऱ्या टायरांत एकाचे माप 559, तर दुसऱ्याचे 590 मिलिमीटर असते! मोठा टायर लहान रिमवर बसवला, तर हवा भरताच निसटतो. टायरच्या कडेवर हा आकडा छापलेला असतो. रिमचा आणि टायरचा आकडा एकच हवा. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलचा आकडा 635.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने सुलटे फिरवले तर क्रँकचे आटे जातात आणि पायडल ऐन चालत्या सायकलीवर निखळते. जुनी चेन पट्टीने मोजा : बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या बसतात. त्याच चोवीस कड्यांना बारा इंच आणि वर एक दोरा लागला, तर चेन झिजली. ती नव्या दात्यांवर चढवली तर दातेही खाईल. मग वाचवलेले पैसे दुप्पट जातात.

मागे लाल चकाकी आणि दिवा लावायला विसरू नका. जुळवणी झाल्यावर पहिली फेरी मोकळ्या मैदानात, मागे कोणाला न बसवता मारा आणि सारे नट पुन्हा आवळा. एवढे झाले की उरलेल्या पैशांत हवी ती खोगीरभरती करा. रंग कोणता द्यावा, यात मात्र आम्ही तोंड घालणार नाही!