रविवार मिळाला, मैदान कुठे आहे?

जून महिन्यात दोन तारखा लागोपाठ येतात. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी देण्याचे मान्य केले. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा घ्याव्या लागल्या, हजारो सह्यांचे अर्ज करावे लागले. लोखंडे गिरणीत येण्यापूर्वी काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरीला होते, म्हणजे ते तुमच्या-आमच्या खात्यातलेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख ११ जून. हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ पासून आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणून ठरवला आहे. येथे खेळ म्हणजे पदके आणि ढाली नव्हेत. पोराटोरांनी, आणि मोठ्यांनीही, नुसते खेळणे. आपल्या एखाद्या शाखेने या दिवसाची दखल घेतल्याचे आमच्या तरी कानावर आलेले नाही.

काही सभासद म्हणतील, आठव्या वेतन आयोगाचे काय होणार, जुन्या पेन्शनचे काय होणार, रिकाम्या जागा कधी भरणार, हे सगळे डोक्यावर असताना सेक्रेटरींना विटीदांडू सुचतो आहे! प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मागणीपत्राच्या भाषेतच देतो.

आठ तासांच्या दिवसाची मागणी जगभरच्या कामगारांनी केली तेव्हा दिवसाचे तीन भाग पाडले होते. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि उरलेले आठ तास कामगाराचे स्वतःचे, त्याला वाटेल ते करण्यासाठी. पहिल्या भागासाठी आपण भरपूर लढलो. १९७३ साली लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला तो ड्युटीच्या तासांसाठीच, आणि दहा तासांची मर्यादा सरकारकडून मान्य करून घेतली. दुसऱ्या भागासाठी नियम आहेत: रेस्ट किती, हेडक्वार्टरला किती, बाहेरगावी किती. ते पाळले जात नाहीत म्हणून आपण दर पी.एन.एम. मध्ये भांडतो. पण तिसऱ्या आठ तासांचे काय? ते कोणत्याच रोस्टरमध्ये नाहीत. ते उरले तर आपले.

आणि उरतात किती? २००५ च्या कामाच्या तासांच्या नियमांनुसार आजही काही गेटमनचा रोस्टर आठवड्याला ७२ तासांचा बसतो. सहा दिवस धरा, रोज बारा तास. झोपेचे आठ काढा. उरले चार. त्यात स्वयंपाक, बाजारहाट, पोराच्या शाळेची फी, म्हाताऱ्या आईचे औषध. गाव तिथून पाच-सात किलोमीटर. पोस्टाकडे पाहा. ग्रामीण डाक सेवकाचे काम कागदावर चार किंवा पाच तासांचे, पण खाती उघडण्याची आणि विम्याची टार्गेटे पुरी करता करता त्याचा अख्खा दिवस जातो. पगार मात्र कागदावरच्या तासांचा.

विश्रांती आणि खेळ यांत आपण नेहमी घोटाळा करतो. रनिंग रूममध्ये लोको पायलट झोपतो ती विश्रांती. ती हक्काची आहेच, पण ती पुढच्या गाडीसाठी आहे. माणूस झोपला नाही तर सिग्नल चुकेल, म्हणून त्याला झोपवणे प्रशासनालाही परवडते. त्याच रनिंग रूममध्ये गाडी लागायला अवकाश असताना चौघे बसून मेंढीकोट खेळतात, ते कोणाच्या फायद्यासाठी? कोणाच्याच नाही. म्हणूनच ते त्यांचे स्वतःचे आहे. हल्ली अधिकारी तणावमुक्तीची शिबिरे घेतात आणि सांगतात, की हसाखेळा म्हणजे काम चांगले होईल. होतही असेल. पण आपण या कारणासाठी खेळाचे समर्थन करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आज काम वाढते म्हणून खेळू देतील, उद्या काम वाढले नाही म्हणून कॅरमबोर्ड उचलून नेतील.

ज्यांनी रेल्वे इन्स्टिट्यूटमधली संध्याकाळ पाहिली आहे त्यांना कॅरमबोर्डाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दिवसभर ज्याला सेक्शन इंजिनिअर नावाऐवजी नुसती हाक मारतो तो खलाशी संध्याकाळी त्याच साहेबाच्या डोळ्यांदेखत राणी घेतो आणि कव्हरही टाकतो. साहेबाला म्हणावे लागते, वा! दुसऱ्या दिवशी हुद्दा जिथल्या तिथे असतो हे खरे. तरी त्या तासाभरात माणूस माणसाशी बरोबरीने बसलेला असतो. संघटनेची पहिली दीक्षा अशा ठिकाणी मिळते. किती तरी चांगले शाखा कार्यकर्ते आम्हाला द्वारसभेत भेटण्याआधी व्हॉलीबॉलच्या मैदानावर भेटलेले आहेत. जो हरल्यावर बोर्ड उधळून देत नाही, नियमावरून भांडतो पण खेळ मोडत नाही, तो वाटाघाटीच्या टेबलावरही टिकतो.

आपल्यासारखी महाराष्ट्राबाहेर राहिलेली मंडळी हे अधिक जाणतात. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, खडगपूर येथल्या वसाहतींत मराठी कुटुंबाचे पोर घराबाहेर पडले की त्याची लगोरी कुठे पिठ्ठू होते, कुठे सितोलिया. त्याच्या विटीदांडूला कोणी गिल्लीडंडा म्हणतो, कोणी डांगुली. सात चपट्या दगडांची उतरंड मात्र तीच, आणि चेंडू पाठीत बसल्यावर लागतोही तेवढाच. आमच्या पिढीच्या मुलांना हिंदी, तेलुगू, बंगाली कोणत्या शिक्षकाने शिकवली? राज्य कोणावर आले या भांडणातच ती आली.

मुलांच्या खेळाला आपण अजूनही वाया गेलेला वेळ समजतो. शिकलेले आईबापही समजतात, किंबहुना तेच अधिक. शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की होमवर्क. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. महागडी साधने नव्हती, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी भोवतालचे खडे, शिंपले, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात त्या शब्दामागे हे काम आहे. खडे मोजताना मूल हिशेब शिकते, डबा ऐसपैसमध्ये लपताना अंतर आणि वेळ शिकते, आट्यापाट्यांत आपल्या पाटीवर उभे राहून दुसऱ्याचा डाव ओळखायला शिकते. पडते, गुडघा फोडून घेते आणि पुन्हा उभे राहते. हे कोणत्या ट्यूशनमध्ये मिळते?

भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ साली स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात मुलाचा विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे म्हटले आहे. कामगारांबाबतही असेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली कामाचे तास ठरवले, आणि लगेच १९२४ साली कामगारांच्या फावल्या वेळाच्या उपयोगाबद्दल वेगळी शिफारस मंजूर केली. तीत खेळांचाही विचार आहे. तास कमी करून भागत नाही, त्या तासांना जागा लागते, हे शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

जागा. सगळी गोष्ट इथे येऊन थांबते. २००५ साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन रेल्वेच्या जमिनींच्या व्यापारी विकासासाठी प्राधिकरण आले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने मालमत्तांतून पैसा उभा करण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. तीत स्टेशने होती, गाड्या होत्या, मालधक्के होते, निवडक रेल्वे वसाहती होत्या आणि १५ रेल्वे स्टेडियमही होती. ज्या जमिनीवर आपली मुले धावतात तिला त्या कागदात मालमत्ता म्हणतात. जुनी क्वार्टर्स पाडून नवी बांधायला आपला विरोध नाही. गळक्या छपराखाली कोणाला राहायचे आहे? पण नव्या नकाशात इमारत दिसते, पार्किंग दिसते, दुकानांची रांग दिसते. मैदान कुठे दाखवले आहे, हे विचारणारा माणूस त्या बैठकीत आपला असला पाहिजे. मैदान गेले की पोरे घरात बसत नाहीत. ती यार्डात जातात, साइडिंगला उभ्या डब्यांखालून चेंडू काढतात. याचा शेवट कसा होतो हे ट्रॅकवर काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

सगळा दोष सरकारवर टाकणेही बरोबर नाही. इन्स्टिट्यूटची समिती सभासद निवडून देतात. एका मोठ्या जंक्शनच्या इन्स्टिट्यूटमध्ये लग्नसराईत महिना-महिना हॉल आणि हिरवळ भाड्याने दिलेली असते; टेबल टेनिसचे टेबल जिन्याखाली, आणि त्यावर मांडववाल्याच्या खुर्च्या. विचारले तर म्हणतात, उत्पन्न वाढले. कोणाचे आणि कशासाठी, हे वार्षिक सभेत विचारा. स्टाफ बेनिफिट फंडाच्या समितीत आपले प्रतिनिधी बसतात, त्यांनाही विचारा.

स्वप्नील कुसाळे याचे नाव येथे घेतलेच पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता; १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. आपल्या सर्वांची छाती फुगली, आणि ती फुगावी. पण क्रीडा कोट्यातून आलेल्या गुणी खेळाडूंकडे बोट दाखवून रेल्वे खेळाला उत्तेजन देते असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा विचारले पाहिजे की त्या ट्रॅक मेंटेनरचे काय, ज्याला पदक नको, रविवारी तासभर व्हॉलीबॉल हवा?

भगिनींबद्दल तर बोलायलाच नको, इतके थोडे आहे. पॉइंटवर, गेटवर, ट्रॅकवर, सॉर्टिंगच्या टेबलावर आज स्त्रिया आहेत. ड्युटी संपली की दुसरी ड्युटी चुलीपुढे. वर्षातून एकदा मंगळागौरीला झिम्मा-फुगडी होते तेव्हा पन्नाशीच्या बायका कशा हसतात ते ऐका. इन्स्टिट्यूटमध्ये स्त्रियांसाठी राखीव वेळ आणि सुस्थितीतले स्वच्छतागृह, एवढी साधी मागणीही फार थोड्या शाखांनी केली आहे.

आता एक कडू गोष्ट. खेळाची जागा रिकामी राहत नाही, ती दुसरे काही तरी भरून काढते. मोबाईलवरच्या रमीने आणि पैजांच्या ॲपांनी आपल्या तरुण सभासदांचे पगार गिळले, सोसायटीची कर्जे चढली, जामीनदार अडकले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, ते बरे झाले. पण खोलीत एकटा, हातात फोन आणि बाहेर मैदान नाही, ही स्थिती कायद्याने बदलत नाही. रनिंग रूममध्ये चौघे चार खाटांवर चार पडद्यांकडे पाहत पडलेले असतात. पत्त्यांचा कॅट कपाटात धूळ खात असतो. पैसे लावून चालते तो जुगार. त्याला खेळ म्हणून खेळाची बदनामी करू नये.

तेव्हा सर्व शाखा सचिवांना विनंती आहे. आपल्या वसाहतीत मैदान आहे काय, असल्यास त्याची लांबी-रुंदी किती, सध्या त्यावर काय उभे आहे, पुनर्विकासाच्या नकाशात ते दाखवले आहे काय, इन्स्टिट्यूट आठवड्यातून किती दिवस सभासदांना उघडी असते, मुलांसाठी काय आहे, स्त्रियांसाठी काय आहे, ही माहिती ३१ जुलैपर्यंत लेखी कळवावी. पोस्टाच्या बांधवांनी आपल्या वसाहतींची आणि रिक्रिएशन क्लबांची माहिती स्वतंत्र कागदावर द्यावी. मोजणी पावलांनी केली तरी चालेल, पण जागेवर जाऊन करावी, आणि जाताना वसाहतीतली दोन पोरे बरोबर घ्यावीत. मैदान कुठपर्यंत होते आणि कुठपर्यंत राहिले आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.