नोव्हेना झाली की दवाखान्यात चला

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना असते. सकाळपासून माणसांची रीघ लागते. ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, मुसलमान येतात. सलग नऊ बुधवार यायचं, मरियामाउलीपुढे मेणबत्ती लावायची, मनातलं मागायचं. त्या गर्दीत पोराचं व्यसन सुटू दे म्हणून आलेली आई असतेच. ती कोणाला काही सांगत नाही. शेजारणीनं विचारलं तर 'नोकरीसाठी आलेय त्याच्या' म्हणते.

ही कळकळीची विनंती त्या आईला आहे. तिच्या नवऱ्याला, सुनेला, शेजाऱ्यांना आहे. तिच्या धर्मग्रामातल्या फादरना, मंडळीतल्या पाळकसाहेबांना आहे. म्हणजे तुम्हालाच आहे. नोव्हेना सोडू नका. पण नवव्या बुधवारची वाटही पाहू नका. आज प्रार्थना झाली की तशाच दवाखान्यात चला. मुलगा यायला तयार नसेल तर त्याला सोडून चला. डॉक्टर आणि समुपदेशक घरच्यांशीही बोलतात. पुष्कळ घरांत सुरुवात अशीच झाली आहे.

आजच का, ते सांगतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आली तेव्हा ती स्टेशनच्या पुलाखाली, पन्नीवर ओढली जायची. दिसायची तरी. आता एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पुडी कॉलेजच्या पोराच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये मावते. 2015 साली एमडी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली, पण पुडी यायची थांबली नाही. झोपेच्या गोळ्या 'बटण' म्हणून विकल्या जातात. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात. गर्दची सवय लागलेल्याला आठ-बारा तास माल मिळाला नाही की टर्की सुरू होते. अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब होतात, झोप उडते. त्या यातनेतून सुटण्यासाठी तो काहीही विकतो. आधी घरातली चिल्लर जाते. मग सिलिंडर जातो. मग आईच्या पाटल्या. आणि घरातलं धाकटं पोर हे सगळं बघत असतं.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. अफू, गर्द आणि त्या जातीच्या औषधांमुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 77 लाख आहेत, असं त्यात म्हटलं आहे. बेकायदा मादक पदार्थांच्या पुरत्या आहारी गेलेल्या वीस जणांतल्या जेमतेम एकाला दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळतात. उरलेले एकोणीस कुठे आहेत? घरात आहेत. आपल्या चाळीत, आपल्या आळीत, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर आहेत. त्यांच्या बाजूला बसा. नजर चुकवू नका. त्यांना गर्दुल्ला म्हणू नका, पोरांनाही म्हणू देऊ नका.

आता श्रद्धेबद्दल. श्रद्धेनं व्यसन सुटतं का, असं लोक विचारतात. श्रद्धेच्या आधारानं उभी राहिलेली माणसं आहेत, खूप आहेत, आणि ती कशी उभी राहिली हे नीट पाहिलं तर आपण काय करायचं ते कळतं.

डब्लिनच्या मॅट टालबटचं उदाहरण घ्या. अंगमेहनतीची कामं करणारा गरीब मजूर. तेराव्या वर्षाच्या आतच त्याला दारू लागली. शनिवारी पगार व्हायचा आणि गुत्त्यातच संपायचा. पैसे संपले म्हणून एकदा त्यानं रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाचं फिडल पळवलं आणि विकलं. 1884 साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, तो एका शनिवारी रिकाम्या खिशानं गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना आजवर स्वतःच्या पैशानं पाजली त्यांतलं कोणीतरी आज बोलावेल, ही आशा. एकेक जण समोरून निघून गेला. कोणी थांबलं नाही. तो घरी आला आणि आईला म्हणाला, दारू सोडायची शपथ घ्यायला चाललो. आईचा विश्वास बसला नाही. पाळणार असशील तरच घे, एवढंच तिनं बजावलं.

त्यानं शपथ घेतली ती फक्त तीन महिन्यांची. तेवढेसुद्धा निभतील की नाही याची त्याला धास्ती होती. मग सहा महिन्यांची घेतली. मग जन्माची. संध्याकाळी काम सुटल्यावर पाय गुत्त्याकडे वळायचे, ती वेळ तो चर्चमध्ये जाऊन काढायचा. खिशात पैसे ठेवणं सोडलं. पहाटेचा मिस्सा चुकवला नाही. उधारी फेडली. फिडलवाल्याला कितीतरी दिवस शोधला, तो सापडला नाही, म्हणून त्याच्या नावानं मिस्सा करवले. 1925 साली चर्चच्या वाटेवरच तो कोसळला आणि गेला. एकेचाळीस वर्षं दारूला शिवला नव्हता. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी त्याला 'आदरणीय' घोषित केलं, आणि आज जगभरचे व्यसनी लोक त्याची मध्यस्थी मागतात.

यातलं तीन महिन्यांचं तेवढं धरून ठेवा. तुमच्या मुलाकडून जन्माची शपथ मागू नका. आईच्या गळ्यावर हात ठेवायला लावू नका. ती शपथ मोडली की तो तोंड लपवतो, आणि तोंड लपवायला त्याला पुन्हा पुडीच लागते. त्याच्याकडे आजचा दिवस मागा. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीसुद्धा आपण आजच्यापुरतीच मागतो. उद्या सकाळी उद्याचा दिवस मागा.

दुसरं म्हणजे, श्रद्धा आणि औषध यांची फारकत करू नका. बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 1981 साली फादर जो परेरांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. पुढे वसईत, गोव्यात, ईशान्येकडे केंद्रं झाली. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी काय केलं ते लक्षात घ्या. धर्मगुरू असून नुसत्या प्रार्थनेवर भार टाकला नाही. बी. के. एस. अय्यंगारांकडे शिकलेली योगासनं आणली, समुपदेशन आणलं, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणल्या. माणसाचं शरीर, मन आणि आत्मा तिन्ही आजारी पडलेत, तर उपचारही तिन्हींवर हवेत, ही त्यामागची समज.

त्या बारा पायऱ्यांचं मूळही ख्रिस्ती आहे. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद एकमेकांना भेटले. दोघं दारूनं खचलेले, आणि दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात आलेले. माझ्या एकट्याच्यानं होत नाही हे कबूल करणं, चुका दुसऱ्या माणसाजवळ मोकळेपणानं सांगणं, ज्याचं नुकसान केलं त्याला शक्य तिथं भरून देणं, आणि आपल्या मागून येणाऱ्या व्यसनी माणसाला हात देणं, हे त्यांनी तिथून घेतलं. देव मात्र ज्याला जसा उमजेल तसा, असं ठेवलं. म्हणून चर्चच्या खोलीत भरणाऱ्या बैठकीत हिंदू बसतो, मुसलमान बसतो, देव न मानणाराही बसतो. दारूसाठी एए, मादक पदार्थांसाठी एनए, घरच्या माणसांसाठी अल-अनॉन. फी नाही. आडनाव कोणी विचारत नाही. तुमच्या जवळची बैठक कुठे भरते ते शोधा आणि पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर दारापर्यंत जा.

आणि ख्रिस्ती संस्थाच हवी असा हट्ट धरू नका. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जिथं आज खाट मिळते तिथं न्या. प्रभू तिथंही भेटतो.

इथे एक धोका फार जवळ आहे. 'गोळ्या बंद करा, विश्वास कमी पडतो म्हणून औषध लागतं' असं सांगणारा कोणी ना कोणी भेटतो. त्याचं ऐकू नका. वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं. गर्दच्या टर्कीत जीव सहसा जात नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यातना शिगेला पोचतात आणि माणूस खिडकीतून उडी मारून पळतो. त्यासाठी औषधं आहेत. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांत मिळते. ती घेणाऱ्याची श्रद्धा कमी ठरत नाही. मधुमेहाची गोळी घेऊन आपण मिस्साला जातोच ना?

साखळीनं बांधू नका. कोंडू नका. मारू नका. साखळदंडाला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, मग ते ठिकाण कितीही देवाचं नाव घेत असो. संस्था निवडताना आत जाऊन बघा. डॉक्टर येतात का विचारा. घरच्यांना भेटू देतात का विचारा. नाही म्हणाले तर त्याला तिथं ठेवू नका.

आणखी एक. हात जोडून सांगतो, लग्न लावू नका. 'दोनाचे चार हात झाले की येईल वळणावर' असं मोठी माणसं सांगतात. येत नाही. एका घरचं दुःख दुसऱ्या घरच्या लेकीच्या पदरात पडतं, आणि वर्षभरात त्या दुःखात एक तान्हं बाळही असतं. मुलीकडच्यांपासून व्यसन लपवून तिला वेदीपुढे उभी करू नका. फादर, तुम्हाला ठाऊक असेल तर थांबवा.

पोलिसांची भीती वाटते? सेवन केल्याबद्दल किंवा अगदी थोड्या मालासाठी गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर खटल्यातून मोकळीक मिळण्याची तरतूद 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे, कलम 64अ मध्ये. उपचार मात्र अर्धवट सोडायचे नाहीत. वकिलाला विचारा. पण भीतीनं घरात दडवू नका.

फादर, पाळकसाहेब, आता तुमच्याकडे वळतो. या रविवारी प्रवचनात 'व्यसन' हा शब्द उच्चारा. पाप म्हणून आपण तो पुष्कळदा उच्चारला. या वेळी आजार म्हणून उच्चारा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप आठवा. मुलानं तोंडपाठ केलेली माफी पुरी व्हायच्या आत तो झगा मागवतो. पण त्याच दाखल्यातला थोरला भाऊ अंगणात रुसून उभा आहे, तोही विसरू नका. केंद्रातून परतलेल्या मुलाकडे बघताना आपली मंडळी बहुधा थोरल्या भावाच्या जागी असते. पाकिटं सांभाळते. लेकींना आत बोलावते. त्या मंडळीशी बोला. आठवड्यातून एक संध्याकाळ हॉलची किल्ली बैठकीसाठी द्या. भाडं घेऊ नका.

आणि मंडळींनो, त्याला काम द्या. सहा महिने केंद्रात राहून आलेल्या मुलाच्या हातात रिकामा दिवस असतो, आणि रिकाम्या दिवसाला जुने मित्र सापडतात. सणाच्या तयारीत, गायनमंडळात, बाकं पुसायला, कशालाही बोलवा. रोख रक्कम काही दिवस हातात देऊ नका. रिक्षाभाडं हवं तर रिक्षा करून द्या. नाताळात, लग्नात, बारशाला 'आज एक घे रे, चालतं' म्हणू नका. दुसऱ्यानं म्हटलं तर त्याचा हात धरा.

तो पुन्हा घसरला तर? बरेच जण घसरतात. दवाखान्याची ती पहिली पायरी पुन्हा चढा. पण या वेळी जास्त सावध राहा. मधल्या काळात शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. पूर्वी पचायची तेवढीच मात्रा आता जीव घेते. तो हाकेला ओ देत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर बदनामीचा विचार करू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, काय घेतलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तोवर एकटं सोडू नका.

आपल्याकडे कोणाच्या घरी मयत झालं की सांगावं लागत नाही. माणसं कामं टाकून येतात. पेटीला खांदा देतात, रात्रभर बसतात, घरच्यांना चहा पाजतात. हा मुलगा अजून जिवंत आहे. तीच माणसं, तोच खांदा, तीच रात्र आता त्याला द्या. टर्कीच्या पहिल्या चार-पाच रात्री घरच्यांना जागवतात. त्यातली एक तुम्ही वाटून घ्या. त्याच्या आईला झोपू द्या.

सरकारचा नशामुक्तीचा मोफत फोन 14446 आहे. लिहून घ्या. चर्चच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा. शाळेच्या दारात लावा. फोन करताना मराठीतच बोला, अडखळलात तरी चालेल.

आणि हे तूच वाचत असशील, तर तुझ्याशीही दोन शब्द. तुला लाज वाटते, ठाऊक आहे. पाटल्या आठवतात, तेही ठाऊक आहे. त्या फेडायला पुढे आयुष्य आहे. आज फक्त एका माणसाला सांग. आईला सांग, फादरना सांग, बैठकीत जाऊन अनोळखी माणसाला सांग. प्रार्थना येत नसेल तर 'मला जमत नाही' एवढंच म्हण, तीही प्रार्थनाच आहे. मग फोन उचल. पुढची पुडी आणायला निघण्याआधी उचल.