कर्ता कोण?

विट्यातील एका यंत्रमाग कामगाराच्या घरी मध्यंतरी जाण्याचा योग आला. गृहस्थ नुकताच पाळीवरून परतला होता. त्याची दहावीतील मुलगी इंग्रजीच्या सराव पुस्तकातला उतारा सोडवीत बसली होती. वही पाहून कोणाही शिक्षकाला समाधान वाटावे. कर्तरी वाक्यांची कर्मणी रूपे अचूक होती, 'टू' काढून 'सो दॅट' घालण्याची वाक्ये बिनचूक होती आणि उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे नेटक्या अक्षरात लिहिलेली होती.

बोलता बोलता वडिलांनी कपाटातून एक कागद काढून दिला. थकलेल्या कर्जाच्या हप्त्याबद्दल आलेली ती इंग्रजी नोटीस होती. आम्ही तो कागद मुलीकडे दिला. तिने तो न अडखळता मोठ्याने वाचला. त्यात 'फेलिंग विच' असे दोन शब्द होते. त्यांचा अर्थ विचारताच ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "फेलिंग म्हणजे नापास होणे, विच म्हणजे कोणते." पंधरा दिवसांत पैसे भरा, तसे न केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल, असा त्या वाक्याचा अर्थ होता. 'कारवाई करण्यात येईल' ही रचना कर्मणी आहे, हे मात्र तिने तत्काळ ओळखले. "मग कारवाई कोण करणार?" असे विचारल्यावर ती गप्प झाली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नव्हता.

आपल्या शाळांतील इंग्रजीच्या शिक्षणाची सारी कहाणी त्या एका मौनात आहे. त्या मुलीची बुद्धी कमी नाही आणि तिने कष्टही कमी घेतलेले नाहीत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे दहा वर्षे तिने ही भाषा शाळेत शिकली. दहा वर्षांनंतर तिला इंग्रजीचे प्रश्न सोडविता येतात, परंतु इंग्रजी वाचता येत नाही. या दोहोंतला फरक आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या समाजात कोण वर जाणार आणि कोण दारातच थांबणार, हे पुष्कळ वेळा तिथेच ठरते.

प्रश्न सोडविणे म्हणजे काय, हे एका गमतीने दाखविता येईल. 'टिंबूने काल भिंदराची फोळ लवली.' या वाक्याला काही अर्थ नाही. तरीही, टिंबूने कशाची फोळ लवली, असे विचारले तर तुम्ही चटकन उत्तर द्याल, भिंदराची. केव्हा लवली? काल. पैकीच्या पैकी गुण! भिंदर म्हणजे काय आणि फोळ कशी लवतात, हे ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो जिथे सापडेल ती ओळ उतरवून काढायची, एवढेच कसब पुरते. उताऱ्यांचा सराव म्हणून पुष्कळ ठिकाणी हेच कसब घोटविले जाते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. तीत विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारणारा प्रश्नही असतो. हेतू चांगला आहे. पण बाजारातल्या मार्गदर्शकांत त्या 'स्वतःच्या' मताचीही छापील उत्तरे तयार मिळतात आणि मुले ती पाठ करतात.

सरावाला आमचा विरोध नाही. विट्याच्या कामगाराला सरावाचे मोल कोणी शिकवायला नको. तुटलेला धागा क्षणात सांधणारी त्याची बोटे वर्षांच्या सरावानेच तयार झालेली असतात. पण त्या सरावातून शेवटी कापड निघते. ज्या मागावर ताणा चढविलेला नाही, त्यावर दिवसभर रिकामा धोटा फिरवीत ठेवला तर आवाज पुष्कळ होईल, विजेचे बिलही येईल, कापड मात्र वीतभरही निघणार नाही. अर्थाविना चाललेला व्याकरणाचा सराव हा असाच रिकामा धोटा आहे.

व्याकरण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. उलट व्याकरण ही गोरगरिबांच्या फार उपयोगाची विद्या आहे. कर्मणी प्रयोगच घ्या. सरकारी आणि कचेरीच्या भाषेला तो इतका प्रिय का? 'असे ठरविण्यात आले आहे', 'जमीन संपादित करण्यात येत आहे', 'सेवा समाप्त करण्यात आली आहे'. या वाक्यांत कृती दिसते, कर्ता दिसत नाही. ठरविले कोणी? जमीन घेतो कोण? कामावरून काढले कोणी? वाक्यातून कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते. तीच गोष्ट 'मे' आणि 'शॅल' या दोन छोट्या सहायक क्रियापदांची. करारात मालकाने अमुक रक्कम 'शॅल' द्यावी असे असेल तर ढोबळमानाने ते बंधन ठरते. 'मे' असेल तर ती त्याची मर्जी राहते. 'अनलेस' या एका शब्दाने कलमाचा सारा अर्थ फिरतो. परीक्षेत हे शब्द रिकाम्या जागा भरण्यासाठी येतात, आयुष्यात ते भाकरी देतात किंवा काढून घेतात. कर्तरीचे कर्मणी करताना शेजारी एवढाच प्रश्न विचारला, की इथे कर्ता का लपविला असेल, तर तोच व्याकरणाचा तास नागरिकशास्त्राचा तास होईल.

वाचनाचे महत्त्व आपल्याच देशात एका शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला काम करीत असे. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या द्विभाषिकतेवरील अहवालात त्याने म्हटले, की बंगाली मुलाला सर्वांत आधी गरज आहे ती इंग्रजी वाचता येण्याची. त्यामागचा त्याचा विचार मोठा मार्मिक होता. बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात. विमा मध्येच मोडला तर हाती किती रक्कम येते, हे आपण पाहतो, तसे मुलाने ज्या इयत्तेत शाळा सोडली त्या इयत्तेपर्यंतच्या शिक्षणातून त्याच्या पदरी काय पडते, हे पाहिले पाहिजे. थोडेसे वाचता येऊ लागले तर ते मूल पुढे आपल्या बळावर वाढू शकते. अर्धवट पाठ केलेले नियम मात्र शाळेबरोबरच सुटतात. वेस्ट हा साम्राज्याचा नोकर होता, हे खरे. पण त्याने विचारलेला प्रश्न आजही खानापूर तालुक्याला तसाच लागू आहे. दहावीनंतर मागावर, कुक्कुटपालनाच्या शेडवर किंवा परमुलखातल्या दुकानात जाणाऱ्या मुलाच्या हाती आपण काय देतो?

या प्रश्नाचे उत्तर सुखावह नाही. 2023 च्या 'असर' पाहणीत 26 राज्यांतील 28 जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचायला दिली होती. 57.3 टक्क्यांना ती वाचता आली आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे साधी वाक्ये समजून वाचणारी मुले निम्म्याहूनही कमी भरली.

आमच्या मुलांना भाषा येतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी विट्याच्या गलाई व्यावसायिकांकडे पाहावे. सोन्याचांदीची गलाई करणारी या दुष्काळी मुलखातली माणसे भारतभरच्या सराफ पेठांत पोहोचली. कोणी तमिळनाडूत गेले, कोणी केरळात, कोणी उत्तरेत. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या माणसांनी तिथे परक्या भाषा उचलल्या, कारण तिथे शब्द चुकला तर व्यवहार चुकत होता. अर्थ आणि गरज पाठीशी असली की भाषा येते. शेजारच्या आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले. पण त्यांनी स्वतःच्या बळावर इंग्रजी वाचनाचा व्यासंग केला आणि स्टाइनबेक, ऑर्वेल यांच्यापर्यंत मजल मारली. त्यांच्या मराठीचे त्याने काही बिघडले नाही, हे सांगायला नकोच.

परीक्षेसाठी उतारे आणि व्याकरण घोटण्याचा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही. चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या 'गाओकाओ' परीक्षेत सर्वसाधारणपणे 750 पैकी 150 गुण परकीय भाषेचे, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत इंग्रजीचे असतात. तिथली माध्यमिक शाळेतली मुलेही वाचनाचे उतारे आणि व्याकरणाच्या रिकाम्या जागा यांचे ढीग उपसत असतात. खाजगी शिकवण्यांचा भार इतका वाढला, की जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारला सक्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यातील नफेखोर शिकवण्यांवर निर्बंध घालावे लागले. परंतु चीन आणि आपण यांत एक मोठे अंतर आहे. चिनी विद्यार्थी पदार्थविज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी हे विषय मुख्यतः चिनी भाषेतच शिकतो. त्याचे इंग्रजी कच्चे राहिले तर परीक्षेतले गुण जातात. ज्ञानाचा दरवाजा बंद होत नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलगी अकरावीच्या विज्ञान वर्गात पाऊल टाकते आणि एका उन्हाळ्यात तिचे माध्यम बदलते. काल तिला समजत असलेले गुरुत्वाकर्षण आज समजेनासे होते. मग पालक शिकवणीचे पैसे मोजतात. ज्यांच्याकडे ते नसतात त्यांची मुले 'विज्ञान झेपले नाही' असे म्हणून शाखा बदलतात. विज्ञान न झेपण्याचा यात काही संबंध नसतो. ज्या भाषेचे वाचन शाळेने शिकविलेच नाही, त्या भाषेतील पुस्तक पुढे ठेवून तिची परीक्षा घेतली जाते.

येथे आपल्या चळवळीनेही आत्मपरीक्षण करायला हवे. राममनोहर लोहियांच्या 'अंग्रेजी हटाओ' या घोषणेचा अर्थ आपल्यापैकी काहींनी इंग्रजी न शिकणे असा लावला. लोहियांनी स्वतः बर्लिनमध्ये जर्मन आत्मसात करून डॉक्टरेट मिळविली आणि त्यांची कित्येक पुस्तके इंग्रजीत आहेत. त्यांचा रोख होता तो कचेरी, न्यायालय आणि सत्ता यांच्यावरील इंग्रजीच्या मक्तेदारीवर. ती मक्तेदारी अजून मोडलेली नाही, आणि जोवर ती मोडत नाही तोवर नोटीस इंग्रजीतच येणार आहे. ती वाचायला आपली मुले शिकली तर मक्तेदारी दुबळी होईल. दुसरीकडे, पोराला कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या मजुराला नावे ठेवण्याचाही आपल्याला अधिकार नाही. मराठी शाळेने त्याला जे द्यायला हवे होते ते दिले नाही, म्हणून तो तिकडे गेला. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे तक्रार केली होती, की रयतेच्या करातून उच्च वर्गांचे शिक्षण चालते. आज रयत शाळेसाठी कर भरते आणि त्याच शाळेतला विषय समजावा म्हणून शिकवणीची फी पुन्हा वेगळी मोजते. एकाच गोष्टीची किंमत तिने दोनदा का द्यावी?

तेव्हा आपण मागायचे काय? पहिली गोष्ट, इंग्रजी उताऱ्याचे आकलन तपासताना काही प्रश्नांची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा मिळावी. मग ओळ उतरवून काढणे निरुपयोगी ठरेल आणि ज्याला समजले त्यालाच उत्तर येईल. 'मराठीत लिहिले तर इंग्रजी कसे सुधारेल?' असा आक्षेप येईल. लेखनाची परीक्षा वेगळी घ्यावी. समजले की नाही ही परीक्षा वेगळी आहे आणि ती आधी आहे. दुसरी गोष्ट, भाषांतराला पुन्हा मानाचे स्थान द्यावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना आपण जुनाट म्हणून हसलो. पण दोन भाषांतले वाक्य शेजारी ठेवून पाहण्याची सवय त्या पाठमालेने लावली होती. तिसरी गोष्ट, सोप्या इंग्रजी पुस्तकांचा आठवड्यातून एक तास असावा आणि त्या तासाला खाली प्रश्न नसावेत. चौथी, अकरावीत पाऊल टाकणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात विनामूल्य पूर्वतयारीचा वर्ग चालावा आणि पहिले वर्षभर पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांतून द्यावेत.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार चालणारी वाचनालये गावोगाव आहेत. त्यांपैकी एखाद्यात रात्री आठ ते नऊ एक कार्यकर्ता बसू शकतो. पाठ्यपुस्तकाऐवजी वीजबिल, पीकविम्याचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरचा कागद, कामगाराचे नेमणूकपत्र हेच तिथले उतारे असावेत. प्रत्येक वाक्याला दोनच प्रश्न विचारावेत: हे मराठीत सांग, आणि यात कर्ता कोण?

विट्याच्या त्या घरून निघण्यापूर्वी आम्ही नोटिशीतले ते वाक्य मुलीबरोबर पुन्हा वाचले. 'फेलिंग विच' उलगडताच तिने पुढचे वाक्य आपणहून मराठीत सांगितले, आणि त्याच्या पुढचेही. मग वडिलांकडे वळून ती म्हणाली, "बाबा, यात मुदत नोटीस मिळाल्यापासून धरलीय. अजून नऊ दिवस आहेत." दुसऱ्याच दिवशी जाऊन हप्त्याची बोलणी करायची, असे त्या रात्री बापलेकीने ठरविले.